डिरॅकही इलेक्ट्रिकल इंजिनिअरच होता, म्हणून माझ्या मुलाने इंजिनिअरिंग सोडावं का?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगावकडचे द्राक्षबागायतदार. मुलगा सांगलीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिक्षण निम्मं बेदाण्याच्या पैशावर, निम्मं बँकेच्या कर्जावर. दिवाळीच्या सुट्टीला घरी आल्यापासून त्याने एकच धोशा लावलाय, की हे सोडून बी.एस्सी.ला नाव घालतो, मला थिअरेटिकल फिजिक्स करायचंय. दाखला काय, तर इंग्लंडचा भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक. तोही इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता, त्याने ते सोडलं आणि एकतिसाव्या वर्षी नोबेल मिळवलं. तुम्ही विचारलंय, हा डिरॅक कोण, पोरगं म्हणतंय ते कितपत खरं, आणि त्याला काय सांगू.

मी सांगलीत बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांना फिजिक्स शिकवतो. क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूच्या आतल्या जगाचं गतिशास्त्र, हा माझा नेहमीचा पेपर, त्यामुळे डिरॅकशी रोजचा संबंध. इंजिनिअरिंगमधून इकडे वळू पाहणारी मुलंही दरवर्षी भेटायला येतात. त्यांतली काही पुढे गेली, काही परत फिरली. त्या अनुभवावरून लिहितो. पण तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. तो इंजिनिअरिंगला कंटाळून फिजिक्सचं नाव घेतोय, की फिजिक्सच्या ओढीने त्याला इंजिनिअरिंग नकोसं झालंय, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. घरच्यांना दोन्ही सारखंच दिसतं. हे ओळखायचं कसं, हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी डिरॅकचं आयुष्य नीट पाहिलं तर उपयोग होतो.

मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे. डिरॅक इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता. पण त्याने इंजिनिअरिंग सोडलं नव्हतं, पूर्ण केलं होतं. तेही पहिल्या वर्गात.

डिरॅकचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे. ज्या शाळेत ते फ्रेंच शिकवायचे त्याच शाळेत पॉल होता. लॅटिन-ग्रीकपेक्षा विज्ञान, धातुकाम, यंत्रांची ड्रॉइंग यांवर भर देणारी ती शाळा. गणितात तो वर्गाच्या कितीतरी पुढे होता. तरी १९१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने ब्रिस्टल विद्यापीठात इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला. कारण गणित करून पोट भरायचं तर मास्तरच व्हावं लागतं अशी त्याची समजूत होती, आणि मास्तर त्याला व्हायचं नव्हतं. आपल्याकडे बारावीनंतर घराघरांत हेच बोलणं होतं, म्हणून हा तपशील मी मुलांना मुद्दाम सांगतो.

इंजिनिअरिंग चालू असतानाच १९१९ चं खग्रास सूर्यग्रहण झालं, ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे मोजलं गेलं आणि आइन्स्टाईनचं नाव रातोरात वर्तमानपत्रांत आलं. ब्रिस्टलच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत सापेक्षतेवर गप्पा झडायच्या, पण गणितासकट समजावणारं कुणी नव्हतं. डिरॅक तिथल्या सी. डी. ब्रॉड या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या सापेक्षतेवरच्या व्याख्यानांना जाऊन बसला, आणि मग स्वतःच पुस्तकांतून तो विषय शिकला. मोटर, डायनॅमो, सर्किटचा अभ्यास सोडून नव्हे, त्याच्या जोडीने. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी सगळ्यात आधी हे पाहीन.

१९२१ मध्ये पदवी हातात आली. नोकरी नव्हती. पहिलं महायुद्ध संपून मंदी आली होती. सुट्टीत रग्बीच्या एका विजेच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली होती, पण तिथेही त्याची छाप पडली नव्हती. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची परीक्षा त्याने दिली, वर्षाला ७० पौंडांची शिष्यवृत्तीही मिळवली, पण तेवढ्यात केंब्रिजला राहणं भागत नव्हतं. शहराकडून मदत मागितली, तीही मिळाली नाही. वडिलांना ब्रिटिश नागरिकत्व घेऊन पुरेशी वर्षं झालेली नव्हती, हे कारण. प्रवेश मिळूनही पैशांपायी जाता आलं नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या आईबापांना समजावून सांगायला नको.

मग ब्रिस्टलच्याच गणित विभागाने हात दिला. फी न घेता त्याला बसू दिलं आणि पहिलं वर्ष वगळून दोन वर्षांत गणिताची पदवी करू दिली. तिथे पीटर फ्रेझर नावाचे शिक्षक भेटले. त्यांनी भूमितीची अशी गोडी लावली की डिरॅक म्हाताराहोस्तोवर त्यांचं नाव काढायचा. १९२३ मध्ये तिथेही पहिला वर्ग. या वेळी सरकारी संशोधन खात्याचे वर्षाला १४० पौंड आणि जोडीला कॉलेजचे ७०, असं जमलं आणि तो केंब्रिजला गेला.

हा क्रम मुलाच्या समोर बसून लिहा. इंजिनिअरिंग पूर्ण. मग गणित पूर्ण. मग संशोधन. मधे एकही गोष्ट अर्धवट टाकलेली नाही.

पुढचं जे घडलं त्यात योगायोगाचा भाग मोठा आहे, आणि तो लपवून डिरॅकची गोष्ट मुलांना सांगू नये असं माझं मत आहे. केंब्रिजला त्याला सापेक्षतेवर काम करायचं होतं. त्या विषयाचे एबेनेझर कनिंगहॅम तिथे होते, पण त्यांना नवा विद्यार्थी घ्यायचा नव्हता. म्हणून त्याला राल्फ फाउलर यांच्याकडे दिलं. फाउलर अणूच्या आणि क्वांटमच्या प्रश्नांवर काम करणारे, कोपनहेगनच्या नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञाशी आणि जर्मनीतल्या लोकांशी संबंध ठेवून असणारे. मनासारखा गाइड मिळाला असता तर डिरॅक १९२५ मध्ये बहुधा दुसऱ्याच प्रश्नावर बसलेला असता.

१९२५ च्या उन्हाळ्यात वेर्नर हायझेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. छापण्याआधीची प्रत फाउलर यांच्याकडे आली, त्यांनी ती सुट्टीवर ब्रिस्टलला गेलेल्या डिरॅकला पाठवून दिली. लेखात एक विचित्र प्रकार होता. अणूतल्या राशींचा गुणाकार करताना क्रम बदलला की उत्तर बदलत होतं. अ गुणिले ब आणि ब गुणिले अ सारखे नव्हते. हायझेनबर्गला स्वतःला ही आपल्या सिद्धांतातली अडचण वाटत होती. डिरॅकने पहिल्यांदा लेख वाचून बाजूला ठेवला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ज्याला अडचण म्हटलंय तेच या सगळ्याचं मूळ आहे.

ऑक्टोबरात तो केंब्रिजला परतला. रविवारी वह्या मिटून गावाबाहेर लांब फिरायला जायची त्याची पद्धत. अशाच एका रविवारी चालता चालता त्याच्या मनात आलं की अब वजा बअ ही वजाबाकी आपण कुठेतरी पाहिलेल्या एका गोष्टीसारखी दिसते : जुन्या गतिशास्त्रातल्या प्वासाँच्या कंसासारखी. पण तो कंस नेमका कसा लिहितात ते आठवेना. खोलीवर येऊन वह्या आणि पुस्तकं उलटली, त्यांत नव्हता. रविवार असल्याने ग्रंथालयं बंद. रात्र तशीच काढली. सकाळी ग्रंथालय उघडल्याबरोबर व्हिटेकर यांच्या गतिशास्त्राच्या ग्रंथात पाहिलं, आणि जुळलं. क्वांटममधली ती वजाबाकी म्हणजे प्लांकच्या स्थिरांकाने आणि एका काल्पनिक संख्येने गुणलेला प्वासाँचा कंस. जुन्या यांत्रिकीतून नव्या यांत्रिकीत जायची वाट सापडली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

हा प्रसंग मुलांना फार आवडतो, पण ती ऐकतात तेवढंच : फिरायला गेला आणि सुचलं. मी त्यांना दुसरी बाजू दाखवतो. प्वासाँचा कंस एकोणिसाव्या शतकातला, क्लासिकल मेकॅनिक्सच्या पेपरातला. मुलांना तो रुक्ष वाटतो. हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेवरून गती मांडायची रीत, आलं की वर्ग रिकामा व्हायला लागतो. सगळ्यांना थेट क्वांटम हवं असतं, ब्लॅक होल हवं असतं. डिरॅकला तो कंस निदान अंधुक आठवला, कारण रुक्ष म्हणून तो भाग त्याने सोडलेला नव्हता. आठवलाच नसता तर त्या रविवारी नुसतं फिरणं झालं असतं. माझ्याकडे आलेल्या मुलाची ओढ खरी आहे का हे मी यावरून पाहतो : त्याने फिजिक्सचा कंटाळवाणा भाग किती केलाय?

आता इंजिनिअरिंगचं. ती तीन वर्षं वाया गेली का? डिरॅकचं उत्तर स्पष्ट नाही असं होतं, आणि ते त्याने उतारवयातही सांगितलं. इंजिनिअरिंग शिकण्याआधी त्याला वाटायचं की समीकरण अचूक असेल तरच त्यात अर्थ. इंजिनिअरिंगने त्याला शिकवलं की निसर्गाबद्दलची आपली सगळीच समीकरणं अंदाजी असतात, तरीही त्यांत सौंदर्य असू शकतं, आणि त्यांच्याशी काम करता येतं. दुसरी गोष्ट डेल्टा फंक्शनची. एकाच बिंदूवर अनंत आणि बाकी सगळीकडे शून्य, तरी खालचं क्षेत्रफळ एक. शुद्ध गणितवाल्यांना त्या काळी हे पटण्यासारखं नव्हतं. पण तुळईवर एका टोकदार ठिकाणी भार दिला तर काय होतं, किंवा सर्किटमध्ये क्षणभराचा पल्स सोडला तर काय होतं, हे ज्याने इंजिनिअरिंगमध्ये केलंय त्याला ही कल्पना अवघड जात नाही. आज तुमच्या मुलाच्या सिग्नल्सच्या पेपरात जो डेल्टा आहे त्याला डिरॅकचंच नाव आहे. त्याला विचारा, तो सांगेल.

१९३३-३४ मध्ये हाच थिअरीवाला माणूस केंब्रिजला कापित्सा या रशियन भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रोत्साहनाने प्रयोगशाळेत उतरला आणि वायूच्या झोतातून समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, वेगळी करण्याची स्वतः सुचवलेली पद्धत त्याने करून पाहिली. कापित्साला रशियाने परत येऊ दिलं नाही आणि ते काम थांबलं. तरी दुसऱ्या महायुद्धात युरेनियमची समस्थानिकं वेगळी करण्याच्या प्रश्नावर त्याचा सल्ला घेतला गेला.

आता ज्यासाठी डिरॅक जगाला माहीत आहे त्या समीकरणाकडे येतो. त्यातला एक तुकडा तुमच्या मुलाला देता येईल असा आहे.

सापेक्षतेत ऊर्जेचा वर्ग हा संवेगाचा वर्ग आणि वस्तुमानाचा वर्ग यांच्या बेरजेइतका असतो, प्रकाशाच्या वेगाचे गुणक धरून. डिरॅकला वर्ग नको होते, साधी ऊर्जा हवी होती. म्हणजे वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ हवं, पण मुळाचं चिन्ह न वापरता. मुलाला एवढाच प्रश्न द्या : अ आणि ब असे शोध, की (अ·क्ष + ब·य) चा वर्ग बरोबर क्ष² + य² यावा. कंस सोडवला की तीन अटी येतात. अ² एक हवा, ब² एक हवा, आणि अब + बअ शून्य हवं. साध्या संख्यांनी हे होत नाही, कारण संख्यांत अब आणि बअ सारखेच, मग त्यांतली एक शून्य करावी लागते आणि पहिल्या अटी मोडतात. मात्र दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स घेतल्या तर जमतं. अ ची पहिली ओळ ०, १ आणि दुसरी १, ०. ब ची पहिली ओळ १, ० आणि दुसरी ०, −१. गुणून पाहा. अब ची पहिली ओळ ०, −१ येते, दुसरी १, ०. बअ मध्ये सगळी चिन्हं उलटी. बेरीज शून्य.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात मॅट्रिक्स असतात, तेव्हा हे सोडवायला त्याला नवीन काही शिकावं लागणार नाही. पण आपल्या जगात तीन दिशा आहेत आणि वस्तुमानाचं एक पद, म्हणजे अशा चार मॅट्रिक्स लागतात. दोन बाय दोनच्या तीनच मिळतात, चौथी मिळत नाही. चार बाय चारवर जावं लागतं. डिरॅकने १९२८ मध्ये हे केलं, आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा त्याचा अंगचा गुण, जो तोपर्यंत प्रयोगाशी जुळावं म्हणून वरून चिकटवला होता, तो समीकरणातून आपोआप बाहेर आला. त्याचं चुंबकत्वही बरोबर आलं. कुणी हातात दिलं नव्हतं, गणितातून आलं. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहितोय, अजूनही तिथे पोचलो की मी क्षणभर थांबतो.

मुलाला हा प्रश्न उत्तर न सांगता द्या. एक रविवार त्यावर बसू दे. सुटला की नाही हे बघू नका. तो किती वेळ बसला, कुठे अडला, चौथ्या मॅट्रिक्ससाठी त्याने काय काय करून पाहिलं, ते विचारा. फिजिक्सची भाषणं यूट्यूबवर ऐकायला आवडणं वेगळं आणि न सुटणाऱ्या गणितापाशी चार तास बसायला आवडणं वेगळं. थिअरीचं सगळं आयुष्य त्या चार तासांचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी असंच काहीतरी देऊन पाठवतो. जी परत येत नाहीत त्यांच्याबद्दल मनात काही धरत नाही. त्यांना आपलं उत्तर मिळालेलं असतं.

समीकरणाची पुढची गोष्ट थोडक्यात. त्यातून उणे ऊर्जेची उत्तरंही निघत होती. डिरॅकने ती फेकली नाहीत. आधी त्याने त्यांचा संबंध प्रोटॉनशी लावून पाहिला. ते जमत नाही हे इतरांनी दाखवल्यावर १९३१ मध्ये त्याने सरळ लिहिलं, की इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा पण धन भाराचा नवा कण असला पाहिजे. ऑगस्ट १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसनला वैश्विक किरणांच्या फोटोत तसा कण दिसला. तोच पॉझिट्रॉन. आज कॅन्सरच्या पेशंटचं पेट स्कॅन होतं ते याच कणाच्या जोरावर. १९३२ मध्येच डिरॅक केंब्रिजला ल्युकेशियन प्रोफेसर झाला, म्हणजे एकेकाळी न्यूटनकडे असलेल्या पदावर बसला. १९३३ चं नोबेल त्याला श्रोडिंजर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर वाटून मिळालं. प्रसिद्धीच्या भीतीने तो ते नाकारणार होता. नाकारलंस तर जास्त गाजावाजा होईल असं केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांनी सांगितलं, मग घेतलं.

इथवरची गोष्ट मुलाला माहीत असणार. नोबेलनंतरची पन्नास वर्षं कुणी सांगत नाही. तो काम करतच होता. त्याचा १९३३ चा एक लेख पुढे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनच्या कामाचा पाया ठरला, १९५० च्या सुमाराचं काम गुरुत्वाचा क्वांटम सिद्धांत शोधणाऱ्यांना आजही लागतं. पण इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाच्या ज्या सिद्धांताची सुरुवात त्याने १९२७ मध्ये केली, त्याला पुढच्या पिढीने दिलेलं रूप त्याला कधीच पटलं नाही. त्यात अनंत राशी एका युक्तीने बाजूला काढतात. उत्तरं प्रयोगाशी विलक्षण जुळत होती, तरी डिरॅक शेवटपर्यंत म्हणत राहिला की हे बरोबर गणित नव्हे. त्याने मांडलेला एकेरी चुंबकीय ध्रुव आजही सापडलेला नाही. विश्वाच्या वयाबरोबर गुरुत्व कमी होत जातं ही त्याची कल्पनाही मोजमापांत टिकली नाही. १९६९ मध्ये केंब्रिजमधून निवृत्त होऊन तो अमेरिकेत फ्लोरिडाला गेला आणि २० ऑक्टोबर १९८४ रोजी तिथेच वारला. एवढ्या मोठ्या माणसाच्याही वाट्याला कितीतरी वर्षं अशी आली की हाताला काही लागलं नाही. ते चालणार असेल तरच या वाटेला यावं.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी विचार केला. पण तुम्ही वडील म्हणून विचारलंय, म्हणून लिहितो. डिरॅकचा मोठा भाऊ फेलिक्स. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी इंजिनिअरिंगलाच घातलं. तो कसाबसा तिसऱ्या वर्गात पास झाला, ड्रॉइंगच्या नोकरीत लागला, मग तीही सोडली, आणि मार्च १९२५ मध्ये त्याने जीव दिला. त्या घरात जेवायला बसल्यावर वडिलांशी फ्रेंचमध्येच बोलायचं असा दंडक होता. नीट बोलता येत नसेल तर गप्प बसायचं. पॉल गप्प बसायला शिकला तो जन्मभर. भाऊ गेल्यावर आईवडिलांना झालेलं दुःख पाहून आपल्याला आश्चर्य वाटलं, त्यांना आपली इतकी काळजी असते हे माहीतच नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. सगळा दोष चार्ल्सच्या माथी मारायचा माझा हेतू नाही. घरातलं सगळं बाहेरच्याला कळत नसतं. पण एकाच बापाची दोन मुलं, दोघंही इंजिनिअरिंगला, आणि एकाला तिथून पुढची वाट मिळाली, दुसऱ्याला नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिलं काम हे : मुलगा जेवतोय का, झोपतोय का, कॉलेजला जातोय का, मित्रांत मिसळतोय का, ते बघा. तो आतून खचलेला असेल तर फिजिक्स की इंजिनिअरिंग हा वाद महिनाभर बंद ठेवा आणि आधी त्याच्याकडे बघा, गरज वाटली तर डॉक्टरांकडे घेऊन जा. दुसऱ्या वर्षाचे विषयच डोक्यात शिरत नाहीत, बॅकलॉग साचलेत, रोज सकाळी पोटात गोळा येतो अशी अवस्था असेल, तर पदवी पूर्ण कर हा माझा सल्ला लागू नाही. मग बदल केलेलाच बरा, बी.एस्सी. असो वा दुसरं काही.

पण तो बरा आहे, पास होतोय आणि ओढ खरी आहे, असं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. इंजिनिअरिंग मधेच सोडू नये. आजच्या काळात बी.ई. करून फिजिक्सकडे जाणं डिरॅकच्या काळापेक्षा सोपं आहे. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत फिजिक्सचा वेगळा पेपर आहे, तो इंजिनिअरही देऊ शकतो. जेस्ट ही परीक्षा आणि टाटा इन्स्टिट्यूटची स्वतंत्र प्रवेश परीक्षा यांतून एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र असलेले कोर्स मिळतात, आणि त्यांतल्या काही ठिकाणी बी.ई. झालेल्यांना घेतात. कुठली संस्था कुणाला पात्र धरते ते त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचायचं, सिनिअर मुलांच्या सांगण्यावर जायचं नाही. पुण्यात आयुका आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. सांगलीहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं. एकदा मुलाला घेऊन जा, एखादं खुलं व्याख्यान ऐका, तिथल्या संशोधक मुलांशी त्याला बोलू द्या. त्याचा निम्मा गोंधळ तिथेच निवळेल.

कर्जाचंही बघा. शैक्षणिक कर्ज ज्या कोर्ससाठी मंजूर होतं त्यासाठीच असतं. मधेच कोर्स बदलला तर पुढचे हप्ते आणि परतफेड यांचं काय, हे बँकेत जाऊन विचारल्याशिवाय कुठलाही अर्ज भरू नका.

पुढच्या पोटापाण्याचंही स्पष्ट सांगतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी मनात तेच असणार. नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. म्हणजे पीएच.डी.च्या काळात घरून पैसे लागत नाहीत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या जागा, बहुतेक परदेशात. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येते, आणि थिअरीच्या जागा मोजक्याच. कॉलेजमध्ये शिकवायचं म्हणाल तर नेट-सेट झालेली मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढताना मी पाहतो. अशा वेळी हातात इलेक्ट्रिकलची पदवी असणं म्हणजे परतीचं तिकीट आहे. पदवी आहे म्हणून मुलगा फिजिक्स निर्धास्तपणे करू शकेल, आणि तुम्हालाही रात्री झोप लागेल.

मग उरलेली अडीच वर्षं काय करायचं? मी असं सुचवेन : क्लासिकल मेकॅनिक्स हॅमिल्टोनियनपर्यंत, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स, मग इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, आणि त्यानंतरच क्वांटम. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स तर त्याच्या शाखेतच आहे, तिथे त्याची फिजिक्सवाल्या मुलांच्या पुढे मजल असायला हवी. रोज दीड-दोन तास, गणितं सोडवून, वहीत. नुसतं वाचन नको. सहा महिन्यांनी वही पाहिली की आईवडिलांनाही कळतं, त्यासाठी फिजिक्स यायला लागत नाही.

शेवटी, त्याच्याशी बोलायचं कसं हे तुम्ही विचारलंय. त्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण देतो. होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावं अशी घरची इच्छा होती. केंब्रिजला त्या वेळी डिरॅक होता, नवं फिजिक्स डोळ्यांसमोर घडत होतं. १९२८ मध्ये भाभांनी वडिलांना पत्र लिहिलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हा माझा पिंड नाही, मला फिजिक्सच करायचंय. वडील जहांगीर भाभा वकील. त्यांनी नाही म्हटलं नाही, लगेच होही म्हटलं नाही. अट घातली : इंजिनिअरिंगच्या परीक्षेत आधी पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी तिथे आणखी राहण्याचा खर्च मी करतो. १९३० मध्ये मुलाने पहिला वर्ग आणला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग आला, आणि त्यानंतर काही वर्षांतच भाभांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होतं याचं गणित केलं, डिरॅकच्याच समीकरणावरून. भाभा स्कॅटरिंग म्हणून ते आजही शिकवतात. पुढे भाभांनी उभ्या केलेल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९५४-५५ च्या सुमारास डिरॅक स्वतः व्याख्यानं द्यायला आला होता.

तुम्हीही अट घाला, पण दोन्ही बाजूंची. त्याच्याकडून : बी.ई. पूर्ण, ठरवाल तेवढे गुण, आणि गणिताची वही. तुमच्याकडून : पदवीनंतर एक ते दोन वर्षं तो प्रवेश परीक्षांची तयारी करेल, तेवढा काळ तुम्ही नोकरीचा तगादा लावणार नाही आणि घरातलं दुसरं कुणी लावणार असेल तर त्यालाही थांबवाल. खरड छाटणीला किंवा ऑक्टोबर छाटणीला हातात पैसे नसतील तेव्हा हा शब्द जड जाईल. म्हणून आत्ताच हिशेब करून, झेपेल तेवढाच काळ सांगा. दीड वर्ष झेपणार असेल तर दीडच सांगा. मुलाला घेऊन सांगलीला आलात तर भेटायला या, येताना त्या चार मॅट्रिक्सची वही आणायला सांगा, मग पुढचं आपण त्याच्या समोर बसून बोलू.